हात बांधले म्हणून माणूस नाराज नसतो: देहबोली वाचण्याची क्रमवार पद्धत

हात बांधले म्हणजे मनात नाही, नाक खाजवलं म्हणजे खोटं, नजर चुकवली म्हणजे काहीतरी गडबड. तीस-तीस सेकंदांच्या व्हिडिओंतून हे शिकून कृषी सेवा केंद्रातला पोरगा गिऱ्हाइकाला तोलतो, पतसंस्थेचा वसुलीवाला कर्जदाराला तोलतो आणि मुलगी बघायला आलेली आत्या मुलीला. बहुतेक वेळा अंदाज चुकतो आणि चुकला हे कळतही नाही, कारण माणूस गुपचूप निघून गेलेला असतो.

खूण टिपायला कुणीही शिकतं. गडबड होते ती क्रमात. दिसलं की अर्थ लावला, अर्थ लागला की तसं वागलं, असं चालतं. हा माणूस एरवी कसा असतो आणि या खुणेला दुसरं काय कारण असेल, हे दोन प्रश्न मध्येच गळतात. खालचे टप्पे त्या दोन प्रश्नांसाठी आहेत. उदाहरणं सांगली-मिरज-कुपवाडकडची आहेत, क्रम मात्र शिक्षकाला, डॉक्टरला आणि भावकीची बैठक सांभाळणाऱ्यालाही तोच.

## आधी डोक्यातून काढायच्या गोष्टी

93 टक्के संवाद शब्दांशिवाय होतो, हे विसरा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून हा 7-38-55 चा (शब्द 7, आवाज 38, चेहरा 55 टक्के) आकडा उचलला गेला. ते प्रयोग भावनेपुरते होते: बोललेला शब्द, आवाज आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तर ऐकणारा कशावरून आवड-नावड ठरवतो, एवढंच त्यात बघितलं होतं. खताचा भाव, कर्जाची मुदत, औषधाचा डोस या गोष्टी शब्दांतच असतात. शब्द सोडून हातवारे बघत बसलात तर निम्मं बोलणं हुकेल.

डोळे उजवीकडे गेले की खोटं, हेही सोडा. 2012 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. संबंध सापडला नाही.

खोटं पकडण्यासाठी देहबोली वापरू नका. चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं-खोटं ओळखताना माणसं सरासरी 100 पैकी 54 वेळा बरोबर ठरतात, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. शिवाय खरं बोलणाऱ्यालाही आपल्यावर संशय आहे असं वाटलं की घाम फुटतोच. रकमेबद्दल शंका असेल तर पावती मागा.

मग देहबोली कशाला वाचायची? माणूस अवघडलाय का, कंटाळलाय का, त्याला काही विचारायचंय पण जमत नाहीये का, एवढं कळण्यासाठी. तेवढ्यासाठी ती भरपूर पुरते.

## पूर्वतयारी

बसायची जागा आधी बघा. समोरच्याच्या तोंडावर ऊन किंवा ट्यूबलाइट येत असेल तर तो डोळे बारीक करणार आणि तुम्हाला तो संशयी वाटणार. पंख्याखाली किंवा एसीसमोर बसवलेला माणूस हात बांधणारच. तुम्ही उंच खुर्चीत आणि तो स्टुलावर असेल तर तो आखडूनच बसणार. टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात बसलात तर दोघांनाही नजर हलवायला जागा राहते.

तो कुठून आणि कसा आलाय ते विचारा. जत-आटपाडीहून दोन एसट्या बदलून एप्रिलच्या उन्हात आलेला माणूस पहिली दहा मिनिटं फक्त थकलेला असतो. पाणी द्या, टेकू द्या. कामाचं त्यानंतर.

आणि स्वतःकडे बघा. उपाशी असाल, आधीच्या गिऱ्हाइकाशी वाजलं असेल, मोबाइल टेबलावर उताणा पडून उजळत असेल, तर समोरचा तुमच्याच देहबोलीला उत्तर देतोय. ते वाचून त्याचा स्वभाव कळणार नाही.

> तपासणी: मला या भेटीत नक्की काय कळून घ्यायचंय, हे एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर दिसेल त्या खुणेमागे पळाल.

## टप्पा 1: एरवीचं वागणं पकडा

पहिली चार-पाच मिनिटं ज्यात काही धोका नाही अशा विषयावर बोला. पाऊस, रस्ता, पोराची शाळा, उसाची तोड आली का. या वेळात तो किती जोरात बोलतो, हात किती हलवतो, नजर किती वेळ धरतो, उत्तराआधी किती थांबतो, कसा बसतो, हे बघा.

काहींचं एरवीचं बसणंच हात बांधून असतं. काही जण खाली बघूनच बोलतात. आपल्याकडे थोरांसमोर, साहेबांसमोर नजर खाली ठेवणं ही रीत आहे. हात पुढे किंवा मागे धरून उभं राहणंही तसलंच.

कुपवाडच्या कारखान्यातली मुलाखत घ्या. आटपाडीकडचा आयटीआय झालेला पोरगा खुर्चीच्या कडेवर बसतो, टेबलाकडे बघतो आणि प्रत्येक प्रश्नाला "व्हय सर" म्हणतो. शेरा पडतो, "कॉन्फिडन्स नाही." त्याला उठवून मशीनपाशी न्या आणि हातात माप घ्यायचं व्हर्नियर द्या. तोच पोरगा पाय रोवून उभा राहतो, जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, उजेडाकडे धरतो, माप घेतो, न विचारता दुसऱ्या बाजूनं परत घेतो आणि म्हणतो, "सर, हितं दोन पॉइंट कमी भरतंय." ऑफिसमध्ये दिसत होतं ते ऑफिसचं दडपण होतं. एरवीचं वागणं माणसाच्या ओळखीच्या कामात बघायचं असतं.

> सावधान: ऐकू कमी येणारा माणूस पुढे झुकतो, एकटक तोंडाकडे बघतो. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याची हालचाल मंदावते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीला नजरेला नजर देणं त्रासाचं असू शकतं. गुडघे दुखणारा माणूस सारखी बैठक बदलतो. मधुमेह असलेल्याला अचानक घाम, थरथर, चिडचिड झाली तर ती साखर खाली गेल्याची खूण असू शकते. तिथं वाचन थांबवा आणि विचारा.

## टप्पा 2: स्वभावाचा अंदाज बांधा, पण पेन्सिलीनं

माणसांचे चार रंग किंवा चार प्राणी करून शिकवणारी शिबिरं भरपूर आहेत. त्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. स्वभाव कमी-जास्त मापात असतो. मानसशास्त्रातही अशाच पाच पट्ट्या जास्त मानल्या जातात: बहिर्मुखता, समजूतदारपणा, काटेकोरपणा, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. एकच माणूस बाजारात बोलका आणि सासुरवाडीत मुका असतो.

तरी कामापुरते पाच ढोबळ स्वभाव लक्षात ठेवा: अबोल, बोलका, भिडस्त, काळजीखोर, करारी. एक माणूस दोनांत बसू शकतो. भिडस्त आणि काळजीखोर हे जोडीनं पुष्कळदा भेटतात.

> तपासणी: या अंदाजाच्या विरुद्ध जाणारी एक तरी गोष्ट दिसली का? एकही दिसत नसेल तर तुम्ही शोधणं बंद केलंय.

## टप्पा 3: बदल टिपा आणि तो कुठल्या शब्दावर झाला ते धरून ठेवा

एकट्या खुणेला किंमत नाही. एरवीपेक्षा काय बदललं, आणि नेमकं कशावर, याला आहे.

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलीय, वर पाऊस पडलाय. तासगावकडचे एक तात्या डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीचं, औषध न्यायला कृषी सेवा केंद्रात आलेत. दोन्ही कोपरं काउंटरवर, आवाज मोठा.

"तात्या, तुमच्याकडं झाला का पाऊस?"

"झाला की. नको तवाच झाला."

बोलणं रंगतं. पानं कशी पडली, कुणाची बाग गेली, कुणाची वाचली. मग काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "आणि मागच्या बाकीचं कसं करूया?" तात्यांची कोपरं काउंटरवरून उठतात. आवाज खाली येतो. खिशातून चंची निघते, तंबाखू तळहातावर येते, चुन्याचं बोट लागतं आणि मळणं सुरू होतं. नजर तळहातावर.

व्हिडिओवाला म्हणेल, टाळतोय. पोराला खरं तर एवढंच दिसलंय: "बाकी" या शब्दावर तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि तात्यांनी मळता मळता थोडा वेळ मागून घेतला. टप्पा 3 इथंच संपतो, अर्थ अजून लावायचा नाही. दोन-तीन खुणा एकाच वेळी, एकाच शब्दावर बदलल्या तरच पुढे जा. नुसतं नाक खाजवलं असेल तर नाक खाजत असेल.

## टप्पा 4: तीन कारणं काढा

घाईत हा टप्पा नेहमी वगळला जातो. दिसलेल्या बदलाला किमान तीन कारणं मनात काढा, आणि त्यातलं एक तरी तुमच्या स्वतःच्या वागण्यात शोधा.

तात्यांचं बघा. एक, पैसे नाहीत. दोन, पैसे आहेत पण तारीख सांगता येत नाही. तीन, त्यांच्या मागं बाकड्यावर त्यांचे व्याही बसलेत आणि पोरानं सगळ्यांदेखत बाकी काढली. तिसरं कारण दुकानात नुसती मान वर करून बघितलं तरी दिसतं. पण पोराची नजर तात्यांच्या हातांवर खिळलेली असते.

आपल्या भागात "कोण ऐकतंय" याला फार वजन आहे. सासूसोबत आलेली सून, वडिलांसोबत आलेला पोरगा, सरपंचांसोबत आलेला शेतकरी, यांचं अंग एकट्यानं आल्यावर वेगळं बोलतं. उत्तर देण्याआधी तो कुणाकडे बघतो हे टिपा. निर्णय पुष्कळदा तिकडं असतो.

> सावधान: पहिलं सुचलेलं कारण बहुधा तुमच्या भीतीचं असतं. ज्याची उधारी बुडालीय त्याला सगळे बुडवे दिसतात.

## टप्पा 5: स्वभाव बघून प्रतिसाद द्या

### भिडस्त

इथं जरा थांबतो, कारण सातारा-सांगलीकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं. "चालतंय की", "बघूया की", "घरात विचारून सांगतो" यातलं काहीही होकार असू शकतं आणि काहीही नकार. मान हलते, हसू टिकून असतं, आणि विकणाऱ्याला वाटतं सौदा झाला.

खरा होकार ओळखायची खूण मानेत शोधू नका, प्रश्नांत शोधा. ज्याला खरंच घ्यायचंय तो कधी, किती, कुठं पोचवणार, बिल कुणाच्या नावानं असं विचारतो. भिडेपोटी हो म्हणणारा काहीच विचारत नाही. त्याचा "हो" तुमचं वाक्य संपायच्या आधी येतो. हसू एकाच मापाचं राहतं. हात पिशवीच्या बंदावर जातो, गाडीची किल्ली बोटात फिरू लागते, चपलांची टोकं दाराकडे वळतात.

असं दिसलं की जोर वाढवू नका. इज्जतीत बाहेर पडायची वाट तुम्हीच काढून द्या: "मावशी, आज नाही घेतलं तर काय बिघडत नाही. घरी दाखवा, मग ठरवा." मग असा प्रश्न विचारा ज्याला हो-नाही उत्तरच नाही: "यातलं तुम्हाला न जमण्यासारखं काय आहे? हप्ता, का मुदत?" नकार देणं सोपं केलंत की अडचण बाहेर येते, आणि अडचण कळली तर सौदा कधी कधी वाचतोही.

चहाचंही तसंच. पहिल्या "नको"चा अर्थ बहुधा "आग्रह करा" असतो, तिसऱ्या "नको"चा अर्थ नको. पैशाच्या बाबतीत मात्र पहिलाच "नको" खरा माना.

### अबोल

चेहरा कोरा, उत्तर उशिरा. गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्साच लागतो, म्हणून तीन सेकंदांची शांतता आपल्याला नकारासारखी बोचते आणि आपण बडबडून ती भरतो. भरू नका. मनात पाचपर्यंत मोजा.

याची आवड चेहऱ्यावर दिसत नाही, हातात दिसते. डबा उचलून मागचं लेबल वाचतो, आकडा स्वतःशी पुटपुटतो, गेल्यावर दोन दिवसांनी परत येतो. त्याला कागदावर लिहून द्या आणि विचार करायला एकटं सोडा. "काय दादा, गप का?" हे सगळ्यांसमोर म्हणालात तर तो त्या दुकानात परत पाऊल टाकायचा नाही.

### काळजीखोर

याचं एरवीचं अंगच अस्वस्थ असतं: पावतीच्या घड्या घालणं, पाय हलवणं, तेच परत विचारणं. त्या हालचालीला खूण समजू नका. खूण असते ती हालचाल एकदम थांबण्यात. हलणारा पाय थांबला, घडी अर्धीच राहिली, तर मघाशी तुम्ही जे बोललात ते त्याला लागलंय. तिथं परत जा.

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य बंद करा. आवाज अर्ध्या पट्टीनं खाली आणा, पुढे काय होणार ते क्रमानं सांगा, लिहून द्या, आणि शेवटी विचारा, "यात कुठं अडतंय असं वाटतंय?"

### बोलका

हात मोठे, अंतर कमी, खांद्यावर थाप. त्याचा उत्साह हा त्याचा रोजचाच आवाज असतो, होकार नसतो. याची उत्तरं आखूड झाली, "बरं", "हं" वर आली, की बघा. निघताना आकडे त्याच्याच तोंडून वदवून घ्या: "म्हणजे आबा, किती पोती आणि कधी?"

### करारी

उभ्यानंच बोलतो, मध्येच तोडतो, बोटानं टेबल वाजवतो. राग समजून दबू नका आणि उत्तराला उत्तरही देऊ नका. थोडक्यात दोन पर्याय ठेवा आणि थांबा. तो मागे टेकून गप्प झाला तर बहुधा हिशोब घालतोय. त्या वेळी तोंड उघडू नका.

> सावधान: कुणाचीही नक्कल करू नका. समोरचा पुढे झुकला की आपण झुकायचं, त्यानं हनुवटी धरली की आपण धरायची, हे शिबिरात शिकवतात. गावाकडच्या माणसाला ते लगेच कळतं आणि टिंगल वाटते.

## टप्पा 6: विचारून खात्री करा

अंदाज मनात ठेवून वागणं हीच मुळात चूक. तो पडताळायचा, पण खूण तोंडावर मारून नव्हे. "तात्या, बाकी म्हटल्यावर तुमचा आवाज का उतरला?" हे उलटतपासणीसारखं लागतं. चूक तुमच्याकडं घ्या आणि जागा बदला:

"तात्या, मी मधीच ते काढलं. चला, आत चहा घेऊ."

आत कुणी नाही. तात्या बसतात, तंबाखू झाडतात आणि स्वतःच सुरू करतात: "बेदाणा स्टोरेजला हाय बघ. सौद्याला लावलाय. निघाला की पहिलं तुझं देतो." आता पोराकडे माहिती आहे. कुठल्या स्टोरेजला, किती, सौदा कुठल्या वारी, हे विचारता येतं आणि वहीत तारीख टाकता येते. पैसे येतील की नाही हे त्या तारखेला कळेल.

विचारायची वाक्यं साधी ठेवा: "माझं सांगायचं काही राहिलं का?" "आत्ता बोलायला सवड आहे, का उद्या फोन करू?" उत्तर आलं की ते मानायचं. माणूस "काही नाही, जरा दमलोय" म्हणाला तर तो दमलाय.

## जिथं हे चालत नाही

कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत कुणाचीच देहबोली वाचू नका. एरवीचं वागणं तुम्ही पाहिलेलंच नसतं, दोन्हीकडची माणसं ताठ कपड्यांत अवघडून बसलेली असतात, दहा डोळे मुलीच्या हातातल्या ट्रेवर असतात. तिचा हात थरथरला यावरून निघणारा प्रत्येक निष्कर्ष कुचकामी आहे. दोघांना वेगळं बसून बोलू द्या, दुसरी भेट वेगळ्या जागी घ्या, आणि मुलीला तिच्या घरच्यांनी एकटीला, घाई न करता विचारावं. ती गप्प राहिली तर ते होकारात मोजू नका.

दुःखाच्या घरात, दवाखान्याच्या बाहेर, पोलीस ठाण्यात, हेही तसंच. तिथं माणूस एरवीचा नसतोच.

फोनवर शरीर दिसत नाही, पण टप्पे तेच: एरवीचा आवाज, मग बदल. "हं" लांबला, मागे कुणीतरी बोललं, उत्तर कुजबुजत आलं, तर विचारा, "नंतर करू का?"

## टप्पा 7: नोंद ठेवा

स्वतःच्या वहीच्या पाठीमागच्या पानावर तीन रकाने पाडा: काय दिसलं, मला काय वाटलं, नंतर काय निघालं. तिसरा रकाना आठवड्यानं भरा. महिनाभरात दिसेल की तुमचे अंदाज एकाच बाजूला चुकतायत, कुणाचे संशयाकडे, कुणाचे भोळेपणाकडे. मग कुठं आवरायचं ते कळतं.

पहिल्या रकान्यात फक्त दिसलेलं लिहा. "बाकी म्हटल्यावर चंची काढली, आवाज उतरला, मागं व्याही" हे चालेल. "लबाड" किंवा "गर्विष्ठ" असलं काही गिऱ्हाइकाच्या खात्याच्या वहीत तर अजिबात नको. उद्या काउंटरवर दुसरा पोरगा असतो, तो ते वाचतो आणि तात्या दारात पाऊल टाकायच्या आत तोंड वाकडं करून बसतो.